येत नाही? शिकवू!

नव्वदीच्या सुमारास जळगावच्या स्टँडमागे लग्नपत्रिका करून देणारा एक कॉम्प्युटरवाला होता. तो कीबोर्ड असा बडवायचा की धुळ्यात लोक खिडक्या लावून घ्यायचे. कॉम्प्युटरला एखादं काम जमत नाही म्हटलं, की त्याचं ठरलेलं, "येत नाही? शिकवू!"

एकदा पारोळ्याचे नाना धाकटीच्या लग्नाची यादी घेऊन आले. बैलगाडीत मावणार नाही एवढी यादी, आणि नावं गाववार हवीत. लिहायच्या प्रोग्रामला ते येत नव्हतं. याने त्याच पडद्यावर चार ओळींचा हुकूम लिहिला, बटण दाबलं, आणि माणसं आपापल्या गावी जाऊन बसली.

"नवं मशीन शे का?" नानांनी विचारलं.

"तेच आहे. ज्यात लिहायचं, त्यालाच नवी कामं शिकवायची."

"मंग मना ट्रॅक्टरच शे हाऊ! नांगर लावा, ट्रॉली लावा."

"हो, फक्त याचा नांगर याच्यातच बसून घडवता येतो."

मग त्याने मशीनमध्येच ठेवलेली थोरलीच्या लग्नाची जुनी यादी काढली आणि मशीनला दोन्ही ताडून बघायला शिकवलं. पडद्यावर उमटलं: बोदवड, नव्या यादीत एकही नाव नाही.

बोदवडला नानांची बहीण, आक्का. थोरलीच्या लग्नात मानपानावरून रुसली, तेव्हापासून अबोला. नानांनी नाव मुद्दाम गाळलेलं. कॉम्प्युटरवाल्याला हे ठाऊक होतं का? तो गाल आत ओढून छताकडे बघत होता.

नानांनी मशीनकडे बोट दाखवलं.

"याले आक्काना रुसवा काढता येस का?"

"नाही येत," तो जन्मात पहिल्यांदा म्हणाला. "ते तुम्हीच शिका, नाना."

"लिख मंग. बठ्ठास्ना वर, पहिलं आक्कानं नाव. पत्रिका मी सोता बोदवडले लई जासू."