शनिवार संध्याकाळची तारीख

आमच्या रस्त्यावर गाडी लावण्याचा नियम सोपा आहे, असं ज्याला वाटतं त्याच्याकडे गाडी नसते. सम तारखेला मेडिकलच्या बाजूला लावायची, विषम तारखेला समोर बँकेच्या बाजूला. एवढंच. तरी माझी गाडी तीनदा उचलून नेली आहे, आणि मी शाळेत गणित शिकवतो. एकदा तर एकतीस तारखेला रात्री झोपण्यापूर्वी मोठ्या शहाणपणानं ती पलीकडे लावून ठेवली. एकतीसनंतर एक येते आणि दोन्ही विषम असतात, हे सकाळी गाडी गेल्यावर सुचलं. बायकोनं ही गोष्ट मालवणला माहेरी फोन करून सांगितली.

फर्डिनंडकाकांची गाडी मात्र कधी गेली नव्हती. हे नंदाखाल गावचे, वय बाहत्तर, केळीची वाडी आणि एक पांढरी म्हातारी व्हॅन. त्यांची मुलगी रोवेना आमच्याच मजल्यावर राहते, हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. बुधवारी तिची सुट्टी असायची, म्हणून दर बुधवारी काका केळी, अळू, वालाच्या शेंगा असं काहीबाही घेऊन यायचे. रस्त्यात शिरले की आधी पाटी वाचायचे, मग तारीख मोठ्यानं म्हणायचे आणि मगच गाडी लावायचे. मी खिडकीतून त्यांची व्हॅन कुठे लागली ते बघून माझी हलवायचो. शरम वाटायची, पण गाडी वाचायची.

तारखा त्यांच्या रक्तातच होत्या. चाळीस वर्षं ते गावच्या चर्चमध्ये वेदीची तयारी करत आले. मेणबत्त्या, फुलं, आणि मुख्य म्हणजे त्या त्या दिवसाचा फादरांचा झगा. कधी हिरवा, कधी जांभळा, कधी पांढरा, हे ते कॅलेंडर न उघडता सांगत. आमच्या भटजींना निदान पंचांग तरी लागतं.

पण या माणसाला एकच भीती होती, आणि ती आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होती. त्यांचे थोरले भाऊ सॅन्टन. एका मंगळवारी सकाळी ते नवा शर्ट घालून रिकाम्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसले, रविवारच्या मिस्सेची, म्हणजे उपासनेची, वाट बघत. त्यांना हाताला धरून घरी आणलं ते फर्डिनंडकाकांनी. तिथून सुरुवात झाली. पुढची पाच वर्षं भावाला अंघोळ घालणं, भरवणं, आणि त्यानं 'तू कोण?' असं विचारलं की शांतपणे नाव सांगणं, हेही काकांनीच केलं. तेव्हापासून स्वतःचा चष्मा सापडला नाही तरी काका दोन तास गप्प बसत.

या वर्षी चर्चचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला आणि नेमकी रोवेनाची ड्युटी बदलली. बुधवार गेला, शनिवारची संध्याकाळ मोकळी झाली. काका शनिवारी चर्चमधलं काम आटोपून परस्पर इकडे यायला लागले.

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी साडेआठला मी दूध घेऊन परत येत होतो, तर काका आणि रोवेना बँकेसमोर उभे. व्हॅन नव्हती. काका म्हणत होते की इथंच लावली होती, आणि ते जरा मोठ्यानंच म्हणत होते. मी जाणत्याच्या थाटात सांगितलं की काका, आज ही बाजू नाही, टोचन करून नेली असणार. तीनदा ठेच लागलेला माणूस बोलायला लागला की थांबत नाही.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आज पंधरा तारीख. विषम. रविवार आहे आज."

रोवेना हळूच म्हणाली, "पप्पा, आज शनिवार आहे. चौदा."

काकांचा चेहरा असा उतरला की माझ्या हातातली दुधाची पिशवी मला जड वाटायला लागली. ते म्हणाले, "सॅन्टनचं असंच सुरू झालं होतं." आणि खिशातली किल्ली काढून त्यांनी न मागता रोवेनाच्या हातात दिली. तिनं ती पर्समध्ये टाकली. ती नको म्हणाली नाही, याचा मला राग आला.

रिक्षा करून वाहतूक चौकीत गेलो. टेबलामागे वसुंधरा नावाच्या हवालदार बाई होत्या, बोलण्यावरून साताऱ्याकडच्या. त्यांनी एक फॉर्म पुढे केला. काकांनी नाव लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला आणि तारखेच्या रकान्यापाशी पेन थांबलं. बाईंनी वाट पाहिली. काका रोवेनाकडे बघायला लागले. बाहत्तर वर्षांचा माणूस मुलीला तारीख विचारायला घाबरत होता.

बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी सहज विचारलं की काका, कुठून आलात? चर्चमधून, मिस्सा आटोपून, असं काका म्हणाले. कुठली मिस्सा? तर म्हणे रविवारची.

माझा तोल गेला. शनिवारी रविवारची मिस्सा कशी असेल, असं मी विचारलं. एरवी शांत असणारे काका माझ्यावर खेकसले. शनिवारची संध्याकाळ झाली की आमचा रविवार लागतो, चाळीस वर्षं मी तेच करतोय, संध्याकाळच्या मिस्सेला उद्याचाच झगा काढतो. आज गुलाबी होता. वर्षातून दोनच रविवारी गुलाबी असतो. उपवासकाळात वेदीवर फुलं नसतात, पण या रविवारी चालतात, म्हणून आज दुपारी वाडीतली तोडून नेली. रविवार नसता तर नेली असती का?

वसुंधराबाई मान हलवत होत्या. "म्हणजे तिथीसारखं," त्या म्हणाल्या. "आमची आजी कॅलेंडरवरची तारीख विचारली की चिडायची. तिची चतुर्थी कधी दुपारीच लागायची. पण काका, आमचा टोचनवाला तिथी बघत नाही. त्याचा रविवार रात्री बाराला लागतो."

मग रोवेना खुर्चीवर मटकन बसली. गेल्या शनिवारीही व्हॅन चुकीच्या बाजूला होती, ती म्हणाली. तिनं गॅलरीतून पाहिली होती. त्या दिवशी टोचनवाले फिरकले नाहीत, आणि तीही काही बोलली नाही. आठ दिवस ती झोपली नव्हती. "बुधवारी तुम्ही एकदाही चुकला नाहीत, पप्पा," ती म्हणाली. "एकदाही नाही. शनिवारीच चुकलात."

काकांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि त्या रकान्यात एवढं मोठं चौदा लिहिलं की ते शेजारच्या रकान्यात गेलं. महिना लिहिला, साल लिहिलं, आणि जागा नसताना खाली शनिवार असंही लिहिलं. दंडाची पावती त्यांनी बक्षीस मिळाल्यासारखी घडी करून खिशात ठेवली. मला एवढं हलकं वाटलं की दूध नासलं असेल हे लक्षातच आलं नाही.

व्हॅन चौकीमागच्या चिंचोळ्या गल्लीत उभी होती. रोवेनानं पर्समधून किल्ली काढली आणि वडिलांपुढे धरली.

"तुम्हीच चालवा, पप्पा. मला इथून रिव्हर्स जमणार नाही."

रोवेनाला रिव्हर्स उत्तम जमतो. आमच्या बिल्डिंगच्या गेटातून ती रोज स्वतःची गाडी उलटी बाहेर काढते. काकांनाही ते माहीत होतं. त्यांनी किल्ली घेतली, आरसा पुसला आणि एका दमात व्हॅन बाहेर काढली. मी पुढे बसलो होतो. रोवेना मागे फुलांच्या रिकाम्या टोपलीशेजारी बसून घरापर्यंत रडत होती, आणि काका तिला त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी समजावत होते. मला त्यातला रविवार एवढाच शब्द कळला.