हंसिणीखालची पेटी

"जे झाकलंय तेही खरंच असायला हवं," असं बोहुमिर हनाक म्हणायचा. सुतारानं कपाटाची पाठ रंगवली नाही की म्हणायचा. केकच्या आत आलुबुखार कमी निघाले की म्हणायचा. एकदा शवपेटी खड्ड्यात उतरत असताना म्हणाला, तेव्हा पाद्रीबाबा प्रार्थना विसरून क्षणभर थांबले होते.

ल्होटका गावात त्याच्या शेजारी ल्युबाबाई राहत. दोघांची घरं उताराच्या टोकाला, मध्ये एक कुंपण, आणि घरांमागे तळं. बोहुमिरनं जन्मभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर इतर म्हातारे मासे धरायला बसतात, हा लेथवर बसला. पितळेची बारीक सळी लावायची आणि तिचा तोफगोळा काढायचा, अर्ध्या आगकाडीएवढा. खऱ्याचा पस्तिसावा हिस्सा. पुढचं टोक वेगळं, मागची पुंगळी वेगळी, पुंगळीच्या बुडाला टाचणीनं पाडलेली खूण. शहरातल्या त्यांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या मंडळात कुणी रणगाडे करी, कुणी सैनिक, कुणी पडकी घरं. तोफेशेजारी रचलेले गोळे आणि ते ठेवायच्या लाकडी पेट्या तेवढ्या बोहुमिरच्या.

ल्युबाबाईंनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "कुणावर झाडणार हे?"

"कुणावर नाही. तोफेशेजारी ठेवायचे."

"आणि तोफ?"

"तोफ रादिम करतो."

"म्हणजे तुमच्यावाचून लढाई अडलीय."

"अडलीच आहे," बोहुमिर म्हणाला.

त्या वसंतात ते खरंही होतं. मंडळ प्रदर्शनासाठी तोफांच्या ठाण्याचा मोठा देखावा करत होतं. आजवर बोहुमिरचे गोळे मागे, झुडपाआड नाहीतर गाडीखाली ठेवले जात. या खेपेला मंडळाचा प्रमुख रादिम म्हणाला होता, की पेट्या अगदी समोर येतील, झाकणं उघडी, आत गोळे मांडलेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोक वाकून त्याचं काम बघणार होते.

अडचण एवढीच होती, की त्या पेटीचं पोट कसं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. पुस्तकांतल्या सगळ्या फोटोंत पेट्या बंद. गावात एके काळी तशा ढिगानं होत्या. युद्ध संपताना पळत्या फौजेनं जंगलात टाकलेल्या, त्या गावानं वाटून घेतल्या आणि पुढच्या हिवाळ्यांत जाळल्या. एक तेवढी वाचली होती. ल्युबाबाईंच्या खुराड्याची कडी बसवायला बोहुमिर वाकून आत शिरला, तेव्हा ती त्याला दिसली. त्यानं टोपी काढली. पेटीत हंसीण अंड्यांवर बसली होती.

"हिला जरा उठवा."

"नाही उठवणार."

"पाचच मिनिटं, ल्युबाबाई. गवताखाली फळी आहे, फळीला गोळे बसायच्या खाचा आहेत. मला खाचांची खोली हवी."

"गेल्या साली कोल्ह्यानं बाकीच्या हंसिणी नेल्या. ही एकटी उरली, आणि हिचं वयही झालंय. अंडी फुटू देत, मग खोली घ्या, लांबी घ्या, पेटीच घरी न्या."

"प्रदर्शन त्याच्या आधी येतं."

"हंसिणीला सांगून बघा."

त्या दिवसापासून तो रोज उलटी बादली घेऊन खुराड्याच्या दाराशी बसू लागला. हंसीण दिवसातून एकदा पाणी प्यायला उठे, पण उठण्याआधी स्वतःच्या छातीची पिसं उपटून अंडी नीट झाकी. बोहुमिरला पिसं दिसत. नर हंस त्याच्या पोटरीला चावे. ल्युबाबाई सुरुवातीला खिडकीतून लक्ष ठेवत. मग माणूस बसलाच आहे म्हणून कॉफी आणू लागल्या, मग कॉफीबरोबर केकचा तुकडा.

एकदा तिथंच रादिमचा फोन आला. "अरे बोहुश, झाकणं लाव आणि आण! बंद पेटीत कोण बघतंय?"

"मी बघितलेलं असतं."

"मग ती हंसीण भाजून खा बाबा, आणि आत बघ!"

"कोण हा?" ल्युबाबाईंनी विचारलं.

"तोफवाला."

"वाटलंच."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ल्युबाबाई तालुक्याला डॉक्टरांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा बुरबुर पाऊस होता आणि नर हंस रस्त्यावर उभा राहून ओरडत होता. खुराडं सताड उघडं. आत बोहुमिर गुडघ्यांवर, अंगात नुसता सदरा. स्वेटर अंड्यांवर पसरलेला आणि दोन्ही हात स्वेटरखाली.

"हंसीण कुठंय?"

"तळ्यात. पाणी प्यायला उठली, तेवढ्यात खालच्या आळीचं कुत्रं आलं. बोलावली, येत नाही."

"आणि तुम्ही कधीपासून असे?"

"कुत्रं आलं तेव्हापासून. एक पिल्लू आतून ठोकतंय."

ल्युबाबाई वाकल्या. खरंच ठोकत होतं. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "मग फळी बघितलीत ना? ती तर उठली होती."

"अंडी बाहेर काढावी लागली असती."

"काढायची होती क्षणभर."

"गार पडली असती."

ल्युबाबाई दाणे घेऊन तळ्यावर गेल्या आणि हंसिणीला फुसलावून आणलं. तिनं स्वेटरकडे पाहिलं, आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं, आणि त्यावरच बसली. बोहुमिरनं हात हळूच काढून घेतले. पांढरे पडले होते.

सकाळी तो खोकं काखेत मारून निघाला. ल्युबाबाई कुंपणाशी उभ्याच होत्या. "दोन बाहेर आलीत. बाकीची आली की ती उठेल. दुपारी बघा आत."

"बस आत्ताची आहे."

"मग झाकणं लावून नेता का पेट्या?"

"पेट्या नेतच नाही."

"अहो, मग समोर ठेवणार काय?"

"गोळे. जमिनीवर, चिखलात. पेट्या वेळेवर पोचल्या नाहीत. लढाईत असं होतं."

"रादिम ओरडेल."

"ओरडेल."

"गोळे पुन्हा मागं टाकेल झुडपात."

"टाकेल." त्यानं खोकं दुसऱ्या काखेत घेतलं.

"स्वेटर तरी थांबून घ्या. गारठा आहे."

"तिला उठवू नका," तो म्हणाला आणि चढणीला लागला.

सदऱ्याची कॉलर वर करून, खोक्याला हिसका बसू नये म्हणून खड्डे टाळत तो चालत होता. ल्युबाबाई कुंपणावर हात ठेवून बघत राहिल्या. नर हंस त्याच्यामागून वळणापर्यंत गेला, चावला नाही, आणि मान ताठ करून तोही बघत राहिला.