फेंगडीचा खूर

नालवाल्या वहिनींना माणसाच्या तोंडाआधी पाय बघायची खोड होती. दाराशी काढलेल्या चपला बघून त्या सांगायच्या, "थोरल्या वन्सं आल्यात, आणि रागात आल्यात." आतून झिजलेली टाच म्हणजे वन्सं, एक चप्पल उपडी म्हणजे राग.

नवऱ्याची पाठ कायमची धरली तेव्हा त्याचा नाल ठोकायचा हातोडा वहिनींनी उचलला. त्याला अकरा वर्षं झाली. सुरुवातीला शर्यतीच्या तबेल्यातले लोक हसले. मग घोडे लंगडेनासे झाले आणि हसू आपोआप आटलं. नवरा स्टुलावर बसून सूचना द्यायचा. वहिनी "हो हो" म्हणायच्या आणि मनासारखं करायच्या. संसारही तसाच चालला होता.

तबेल्यात एक तांबूस घोडी होती. तिचा उजवा पुढचा पाय जन्मापासून बाहेर वळलेला, म्हणून सगळे तिला फेंगडी म्हणत. नऊ शर्यती धावली, नऊही वेळा शोधायची तर मागून शोधावी लागली. मालकांनी निक्षून सांगितलं होतं, येत्या रविवारी पहिल्या चारांत आली नाही तर विकून टाका. विकायची म्हणजे गाडीला जुंपायला, हे कोणी बोलून दाखवलं नाही एवढंच.

ट्रेनरसाहेबांचा हुकूम ठरलेला होता. दर वेळी तो खूर कानशीने घासून डाव्यासारखा सरळ करायचा. वहिनींनी दोन वर्षं तो मुकाट्याने पाळला. मग घोडीला ताप आला. दीड महिना नाल ठोकले नाहीत, खूर आपल्या वळणाने वाढला. बरी झाल्यावर तिला पहिल्यांदा बाहेर काढली, तेव्हा वहिनी पाठमोऱ्या बसून खिळे निवडत होत्या. मागे चार टापा अगदी एकसारख्या पडत होत्या. इतकं नीट कोण चालतंय म्हणून वळून बघतात, तर फेंगडी! वहिनींच्या तेव्हा ध्यानात आलं. दोन वर्षं घोडीला आपणच अडखळवत होतो.

शनिवारी त्यांनी खूर सरळ केला नाही. त्याच्या वळणाला धरूनच नाल बसवायला घेतला.

"साहेबांनी बघितलं तर हाकलतील," नवरा म्हणाला.

"हाकलू देत. तुम्ही तिचं तोंड धरा."

"अगं, माझी पाठ..."

"तोंड धरायला पाठ कशाला लागते?"

नवऱ्याने निमूट तोंड धरलं.

रविवारी खोगीर चढवताना साहेबांनी बघितलंच. "वहिनी, हे काय वाकडंतिकडं? काढा आधी. अजून अर्धा तास आहे."

वहिनींनी हातोडा, पकड, कानस त्यांच्या पायाशी फरशीवर मांडली. "घ्या, तुम्हीच सरळ करा. माझ्या हातून आता होणार नाही."

"नोकरी नकोशी झालीय वाटतं?"

"हवीय, म्हणूनच काम नीट केलंय. आजवर तिला तुमच्या मनातल्या पायावर पळवली, साहेब. एकदा तिच्या स्वतःच्या पायावर पळू दे. नाही आली तर तिच्याबरोबर मलाही काढा."

जॉकी शेजारीच चाबूक घेऊन उभा होता. तो खाकरला. "साहेब, सकाळी हिच्यावर बसलो होतो. पहिल्यांदाच धक्क्यांनी माझे दात वाजले नाहीत. राहू द्या."

साहेबांनी हात झटकले. "मरा दोघं!"

शेवटच्या वळणावर फेंगडी दर वेळी ढेपाळायची. कुंपणाशी उभ्या वहिनींनी ते वळण आलं तेव्हा नवऱ्याचा दंड गच्च पकडला. घोडी ढेपाळली नाही. एकीला मागे टाकलं, मग आणखी एकीला. शेवटी चौथी आली. जेमतेम मानेच्या अंतराने, पण चौथी. नवरा-बायको असे ओरडले की पहिल्या आलेल्या घोडीचा मालक वळून बघायला लागला.

साहेब घाम पुसत आले. "झालं ना मनासारखं? राहिली घोडी. आता वेळ आहे. तो खूर हळूहळू सरळ करून घेऊ."

"हात लावून बघा," वहिनी म्हणाल्या, आणि लगाम धरून घोडीला गार करायला फिरवू लागल्या.