डब्याची बाजू

पुण्याच्या ऑफिसात त्या मशीनला सगळे ‘डबा’ म्हणायचे. टीव्हीला जोडून गेम खेळायचं स्वस्तातलं मशीन ते. त्याचाच महागडा, ताकदवान थोरला भाऊही बाजारात होता, आणि आमचा गेम दोन्हींवर एकाच दिवशी यायचा होता. दोघांनी मिळून एक होडी वादळातून किनाऱ्याला लावायची. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने शीड सांभाळायचं. मी समुद्राजवळच्या मसोली गावात घरी बसून, ऑफिसने पाठवलेल्या डब्यावर हा गेम तपासायचे. कुठे अडकतो, कुठे बंद पडतो, ते रोज लिहून पाठवायचं. काम कंत्राटी होतं, तेवढ्या एका गेमपुरतं.

दर मीटिंगला तेच रडगाणं. डब्यामुळे लाटा कमी कराव्या लागतात, डब्यामुळे सगळा गेम रखडलाय, डबा नसता तर आपण केव्हाच मोकळे झालो असतो. बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी डबा नव्हता. माझं डोकं फिरायचं, कारण आमच्या घरी डबाच होता आणि तलासरीला दादाकडेही डबाच. दादा तिथे कारखान्यात मशीन चालवतो. लहानपणापासून आम्ही दोघं जोडीनेच खेळत आलो. त्याचं लग्न झालं, तो तिकडे राहायला गेला, तरी रविवारी एकत्र बसणं सुटलं नाही. मोठं मशीन घ्यायचा विषय आमच्याकडे कधी निघालाच नाही आणि त्यावाचून आमचं काही अडलंही नाही. या होडीच्या गेमची तर दादा वर्षभर वाट बघत होता.

पण मी भांडणार कुठल्या तोंडाने? डब्याविरुद्धचा पुरावा माझाच होता. रोज दुपारी गेम सलग तीन तास चालू ठेवायचा, असा नियम होता. पाऊण तास झाला की डबा दमायचा आणि होडी अडखळत पुढे सरकायची. मी इमानेइतबारे लिहायचे, आज पुन्हा अडकला. असं तीन महिने लिहिलं. शेवटी ऑफिसातल्या आमच्या सरांनी सांगून टाकलं की शुक्रवारी निर्णय घेऊ, बहुतेक डब्यावरचा गेम रद्द. दादाला हे कसं सांगायचं ते मला कळेना.

त्या रविवारी सकाळपासून आमच्याकडे लाइट नव्हती. मी ऑफिसचं मशीन पिशवीत घातलं आणि तलासरी गाठली. दादाने ते टीव्हीसमोर स्टुलावर मांडलं. गेम बाहेर पडेपर्यंत कुणाला दाखवणार नाही असं मी लिहून दिलं होतं, म्हणून दादा टीव्हीकडे पाठ करून भात जेवत होता. माणूस इतका सरळ की एकदाही वळला नाही. फक्त दर थोड्या वेळाने विचारायचा, “अडकलं?”

“नाही.”

“आता?”

“नाही रे. जेव ना.”

तीन तास झाले. डबा एकदाही अडकला नाही. तेच मशीन, तोच गेम. मला आनंद होईना. मग तीन महिने मी लिहिलं ते काय होतं? मी टीव्ही बंद केल्यावर दादा जवळ आला आणि मशीनच्या डोक्यावर हात धरून म्हणाला, “इथून गरम हवा सोडतंय ना हे? आमच्या मशीनवर कोणी साधं फडकं टाकलं तरी सुपरवायझर अंगावर येतो. घरी आई झाकून ठेवत असेल याला.”

झाकून ठेवत होती. आमच्या घरात उघडी वस्तू सापडायची नाही. खारी हवा, वाडीतली धूळ, म्हणून फ्रिजला झाकण, मिक्सरला झाकण, टीव्हीचा रिमोटसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत. ऑफिसच्या डब्यावरही आईने स्वतः विणलेला जाड क्रोशाचा रुमाल होता, बरोबर हवा सोडायच्या जाळीवर. मी तीन महिने त्याच्यासमोर बसले होते. त्या दिवशी तो बाजूला काढून मशीन पिशवीत घातलं, तरी तो मला दिसला नाही, कारण या घरात जन्मलेल्या माणसाला झाकण वेगळं दिसतच नाही. मशीनवर जाळी असावी तसा त्यावर रुमाल होता, एवढंच.

संध्याकाळी घरी येऊन मी आईला सांगितलं. ती रुमाल हातात घेऊन तशीच उभी राहिली. “म्हणजे तुझं काम जाणार? माझ्यापायी?” मी म्हटलं, “तू काय केलंस? तपासायचं काम कोणाचं होतं?”  मला तिचा राग आला नाही, पण माझी मला इतकी लाज वाटली की मी जेवलेही नाही.

सोमवारपासून मी उघड्या मशीनवर रोज सगळा गेम पुन्हा चालवला. शुक्रवारी मीटिंगमध्ये माझी पाळी यायच्या आधीच बोलले. माझे आधीचे अहवाल चुकीचे आहेत. मशीनच्या जाळीवर कापड होतं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही.  स्क्रीनवर कोणीतरी हसलं. सर म्हणाले, “म्हणजे तीन महिने पाण्यात?”

“माझे. मशीनचे नाही,” मी म्हटलं. “आता ते फक्त एका ठिकाणी अडकतं, वादळात. त्याची मेमरी कमी आहे, हे मी नाकारत नाही. पण वादळात तुम्ही काय काय भरलंय ते एकदा तपासा. मग रद्द करा.”

नाइलाजाने तपासलं. डोंगराच्या पलीकडचा समुद्र, जो खेळणाऱ्याला कधी दिसतच नाही, तोही लाट न् लाट रेखाटला जात होता. मोठं मशीन ताकदीच्या जोरावर आमचा हा गबाळेपणा मुकाट खपवून घेत होतं. डब्याने घेतला नाही, म्हणून तो कमजोर ठरला. तो पसारा काढल्यावर गेम डब्यावर चालला आणि मोठ्यावर आधीपेक्षा सुरळीत झाला. याबद्दल मात्र कोणी मीटिंग भरवली नाही.

डब्यावरची सगळी तपासणी नव्याने करावी लागली, त्यामुळे गेम दीड महिना पुढे गेला. कंपनीने कारण दिलं नाही. मग इंटरनेटवर लोकांनी स्वतःच कारण शोधलं. त्या भंगार डब्यामुळे आम्ही का थांबायचं? ज्यांना परवडत नाही त्यांनी खेळू नये. मी दोन दिवस वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या नावाने तिथे लिहिलं: “मी हा गेम डब्यावर तपासते. उशीर डब्यामुळे झालेला नाही. माझ्या तपासणीत चूक झाली, ती निस्तरायला वेळ लागला. शिव्या द्यायच्या तर मला द्या.”

दिल्या लोकांनी, भरपूर. तासाभरात सरांचा फोन आला. आई शेजारी मटार सोलत होती. “ते आत्ताच्या आत्ता काढ. कंपनीचं हसं होतंय.”

“सर, त्यात खोटं काय आहे?”

“खोट्याखऱ्याचा प्रश्नच नाही. ते तिथे राहिलं तर पुढच्या गेमला मी तुला घेऊ शकणार नाही.”

आईने सोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिला ऐकू गेलं होतं. मला ते काम हवं होतं. मसोलीत बसून असं काम दुसरं मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि सरांनाही.

“नका घेऊ,” मी म्हटलं. “लिहिलेलं मी काढणार नाही.”