बहिणीचे सासरे हद्द मोजतात

जगातल्या कुठल्याही दोन देशांचं भांडण माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी अर्ध्या तासात मिटवलं असतं. काकांना कोणी बोलावलं नाही, एवढंच. निपाणीकडच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं भूगोल शिकवून ते मुलाकडे कर्नाटकच्या राजधानीत, हेब्बाळला राहायला आले आणि आल्या दिवशीच घरातल्या सत्तांची वाटणी करून मोकळे झाले. स्वयंपाकघर हे सुनेचं सार्वभौम राज्य, म्हणून पाणी प्यायलासुद्धा उंबऱ्याशी थांबून परवानगी घेत. मुलगा मात्र त्यांच्या मते मांडलिक होता. एकदा मला आनेकलच्या बसमध्ये घालून, पुढे रिक्षाने थेट तमिळनाडूच्या सीमेवर नेलं आणि एक चिंचेचं झाड दाखवलं. मुळं कर्नाटकात, चिंचा तमिळनाडूत! एवढं बघून आम्ही परत आलो.

त्यांच्या सोसायटीची भिंत आणि शेजारच्या सोसायटीची भिंत यांमधल्या बोळात एक अक्का हातगाडीवर कोळशाची इस्त्री करायची. नवरा गेल्यापासून घर त्या गाडीवरच चाललेलं. दोन्ही सोसायट्यांना ती जागा आपलीच वाटे, आणि दोघांनीही तिला रविवारपर्यंत हलायला सांगितलं. हे कळल्यावर काका जेवले नाहीत. चिकपेटच्या बाजारातून पन्नास मीटरची टेप आणली, दोन्हीकडचे मंजूर नकाशे मिळवले आणि भर उन्हात एक टोक माझ्या हातात देऊन सकाळभर मोजत राहिले. अक्का गाडीआडून बघत होती. तिने कपड्यांचं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं.

रविवारी दोन्ही सेक्रेटरी आले. त्यातल्या एकाने तुम्ही वकील का, असं कन्नडमध्ये विचारलं. भूगोलाचा मास्तर, असं काकांनी कन्नडमध्येच सांगितलं आणि नकाशे गाडीवर पसरले. नऊ फुटांची ती पट्टी दोन्ही नकाशांत सार्वजनिक रस्ता म्हणून दाखवलेली होती.

मग ते शांतपणे म्हणाले, "हुकूम सोडायला आधी स्वतःची हद्द लागती. तुमची ह्या भिंतीला संपली, ह्यांची त्या भिंतीला. मधल्या बाईला घालवणारं राज्य कुठलं, तेवढं दाखवा."

एकाने नकाशातल्या त्या पट्टीवरून बोट फिरवून पाहिलं. शेवटी "सरी, सर," अशी कन्नडमध्ये कबुली देऊन दोघे निघून गेले. वरच्या गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. अक्काने गाठोडं सोडलं, कोळसे फुलवले आणि काकांना अंगातला शर्ट काढायला लावून तिथल्या तिथे इस्त्री करून दिला. टेप गळ्यात हारासारखी घालून, बनियनवर उभे असलेले काका कुठल्याही विजयी राजापेक्षा कमी दिसत नव्हते.

संध्याकाळी तळ्याकाठी बसलो असताना त्याच आनंदात मी विचारलं, तुमचं गाव नेमकं कुठल्या राज्यात?

"घर कर्नाटकात, शेत महाराष्ट्रात," ते म्हणाले. "आईला शेतातच अग्नी दिला, पावणं. अस्थी गोळा करत होतो आन् मोबाईलवर मेसेज आला, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे."

ते हसायला गेले, पण हसू पुरतं आलं नाही. मग अजून गळ्यातच असलेली टेप काढून ते ती गुंडाळायला लागले, आणि दुसरं टोक मी धरलं.