दाराखालची पट्टी

नागावच्या फाट्यावर सदा घरतचं डेंटिंगचं गॅरेज. खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेले पत्रे ठोकण्यातच त्याची हयात गेली. हल्ली गाड्या बदलल्या. बंपर प्लास्टिकचे होतेच, आता काहींचे फेंडरही प्लास्टिकचे, बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं. "कातडं बदललं," सदा म्हणायचा, "हाडं अजून पोलादाचीच हायत."

हे म्हणताना गाडीच्या बाजूला बळ देणाऱ्या दाराखालच्या पट्टीकडे मात्र तो बघायचा नाही.

नऊ वर्षांपूर्वी गावातल्या रामचंद्रच्या, पर्यटक फिरवायच्या जीपची तीच पट्टी गंजून चाळण झाली होती. पर्यटकांचा हंगाम, रामचंद्रला घाई. सदाने पोलादाची नवी पट्टी जोडायची सोडून वर पातळ पत्रा चिकटवला, पुट्टी भरली, रंग मारला. तिसऱ्या आठवड्यात काशीदच्या उतारावर टेम्पो आडवा आदळला आणि जीप पुट्टी भरलेल्या बाजूनंच मिटली. रामचंद्र जागीच गेला. चूक टेम्पोवाल्याची ठरली. सदाला कुणी काही विचारलं नाही. पण तेव्हापासून कुठलीही पट्टी ठोकली, की खणखणीत पोलादातूनही त्याला पुट्टीचा बद्द आवाज यायचा. हातोडी खाली ठेवली तरी तो कानात राहायचा.

यंदाच्या मार्गशीर्षात रामचंद्रची मुलगी हेमांगी एक जुनी गाडी घेऊन आली.

"सदाकाका, घ्यायची म्हणतेय. बघता का जरा?"

सदाने चुंबक फिरवलं. बॉनेटला चिकटलं नाही, ते अ‍ॅल्युमिनियम. फेंडरला नाही, ते प्लास्टिक. दाराखालच्या पोलादी पट्टीला मात्र चिकटायलाच हवं होतं. तिथूनही ते घसरून मातीत पडलं. सदाने ते उचललंच नाही.

"काय झालं, काका?"

"ही घेऊ नको, पोरी. आत लोखंड उरलंच न्हाय, नुसती पुट्टी हाय." तो थांबला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या बापाच्या जीपला पण मी अशीच पुट्टी भरली व्हती."

हेमांगीने मातीत पडलेलं चुंबक उचलून त्याच्या हातात दिलं.

"आईला माहीत आहे?"

"न्हाय."

"मग चला. तिला तुम्हीच सांगा."

हेमांगीची आई सोनूबाई ओटीवर सुकट निवडत होती. सदाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"गेले त्या दिवशी पण हे म्हणाले," ती हळूच बोलली, "सदानं जीप नवी करून दिली बघ."

एवढं बोलून ती पुन्हा सुकट निवडू लागली. सदाला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो अंगणात तसाच उभा राहिला.