तिसऱ्या आग्रहाचा पाहुणा

आमच्याकडे राहिलेला कुत्रा तीनदा आग्रह केल्याशिवाय जेवत नसे, आणि ही सवय त्याला मी लावली. (जाणूनबुजून नाही. जाणूनबुजून मी आयुष्यात कोणालाच काही शिकवू शकलेलो नाही. विचारा आमच्या मुलीला.)

मी उमाळे. स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसातून रिटायर झालेला कारकून, मूळचा अमरावतीकडचा, पण सगळी नोकरी भिलाईत. सेक्टरमध्ये माझी ओळख 'कुत्तों से चिढ़नेवाले अंकल' अशी होती आणि ती मी मेहनतीने कमावली होती. गल्लीतले कुत्रे माझ्या वांग्यांच्या वाफ्यात झोपले की मी कुंपणाशी उभा राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. त्याच वेळी माझी बायको सुमन मागच्या दाराने त्यांनाच पोळी टाकायची. सुमन गेली, त्यानंतरही कुत्रे वाफ्यात झोपत, पण मी काही म्हणत नसे. भांडणात मजा यायला मागच्या दारी कोणीतरी लागतं.

घर फार गप्प झालं होतं. शेजारी एका बाजूला मल्याळी, दुसऱ्या बाजूला बिहारी. माणसं सोन्यासारखी, पण सगळं बोलणं हिंदीत. मुलगी मीनू बंगळुरूला. ती फोनवर मराठीत सुरुवात करते आणि दुसऱ्या वाक्याला हिंदीत उतरते. सुमन गेल्यावर मराठी बोलायला मला कोणी उरलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर जेवायलाही.

जेवणाचं असं की आमच्याकडे एक रीत आहे. पहिल्यांदा वाढायला आले की म्हणायचं, 'नको.' दुसऱ्यांदा आले की, 'नको नको, पोट भरलं.' तिसऱ्यांदा मात्र, 'आता एवढं म्हणून राहिले तं द्या अर्धी.' पहिल्याच वेळी हो म्हणणारा हावरट ठरतो आणि दुसऱ्या नकारावर थांबणारा वाढपी कंजूष. सुमन आयुष्यभर माझे दोन 'नको' ऐकून घ्यायची आणि तिसऱ्या वेळी पोळी सरळ ताटात टाकायची. ती गेल्यावर मी स्वतःच्या हाताने वाढून घ्यायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की आपण रोज अर्धपोटी उठतोय. स्वतःला आग्रह करायचा कसा? (एकदा करून पाहिला. खिडकीतून मल्याळी वहिनींनी पाहिलं. पुन्हा केला नाही.) पुढेपुढे मी ओट्याशी उभ्या उभ्या चहा-टोस्ट खाऊन मोकळा व्हायला लागलो.

अशात साहू मॅडम आल्या. त्या मागच्या गल्लीत राहतात, शाळेत गणित शिकवतात, आणि गावभरची जखमी कुत्री-मांजरं घरी आणून, बरी करून, चांगल्या घरी देतात. त्यांचं क्वार्टर तेव्हा इतकं भरलं होतं की बाथरूममध्ये मांजर व्यालेली आणि आंघोळीला त्या बहिणीकडे जात. त्यांच्या हातात एक तांबूस कुत्रा होता. स्कूटरने उडवलेला, मागच्या पायाला प्लास्टर. फक्त आठ दिवस ठेवा म्हणाल्या. माझ्याकडेच का, तर त्याचंही उत्तर त्यांनी गणितासारखं सरळ दिलं. "अंकल, आपके यहाँ जगह भी है और आप खाली भी हो।"

यात काहीच खोटं नव्हतं. मी कुत्रा घेतला, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं की आठ दिवसांच्या वर एक तास ठेवणार नाही. नाव ठेवायचा तर प्रश्नच नव्हता. आठ दिवसांच्या पाहुण्याला कशाला नाव! म्हणून मग त्याला पाहुणाच म्हणायला लागलो, आणि तेच त्याचं नाव पडलं.

पहिल्या दिवशी मी त्याच्यासाठी वरण-भात केला. (स्वतःसाठी कुकर लावायचा मला कंटाळा होता, पण प्लास्टरवाल्याला टोस्ट कसा देणार?) त्याने वास घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, घे. त्याने कान हलवला. मी पुन्हा म्हटलं, घे ना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घे ना बाप्पा, लाजून कावून राहिला? पोटभर जेव." आणि तो उठला, लंगडत ताटलीपाशी आला आणि चाटूनपुसून जेवला.

डॉक्टर नंतर म्हणाले की पाय दुखत असल्यामुळे त्याला उठायला वेळ लागला असेल. मला ते पटलं नाही. माझ्या मते कुत्रा चांगल्या घरचा होता.

त्या दिवसापासून मी जमिनीवर त्याच्या शेजारी ताट घेऊन बसायला लागलो. रोज दोन्ही वेळा तीन तीन आग्रह. मधल्या वेळात बाजारभाव, मीनूचं ऑफिस, सुमनच्या हातची वांग्याची भाजी, सगळं त्याला मराठीत सांगायचो. तो मध्येच हिंदीत उतरत नसे. आठ दिवस कधी संपले मला कळलं नाही. प्लास्टर निघालं, तो पळायला लागला, वाफ्यात झोपायला लागला, आणि मी बाजूने फिरून वांग्यांना पाणी घालायला लागलो. मीनूने फोनवर विचारलं, "बाबा, तुमचा आवाज इतका बरा कावून येऊन राहिला? सब ठीक है ना?"

पण साहू मॅडम फाटकाशी दिसल्या की मी न चुकता ओरडायचो, मॅडम, इसका कुछ करो, आठ दिन कब के हो गए! सगळ्या गल्लीत केलेली घोषणा मागे कशी घेणार? आणि माझ्या मनाचा एक हिशेब होता. कधीतरी मॅडम म्हणतील, तुम्हीच ठेवा. मी नको म्हणेन. त्या पुन्हा म्हणतील. मी पुन्हा नको म्हणेन. तिसऱ्या वेळी मान जरा तिरकी करून म्हणायचं वाक्यही मी तयार ठेवलं होतं, 'अब आप इतना कह रही हैं तो...'

आणि एका संध्याकाळी खरंच त्यांनी फाटकाशी स्कूटी थांबवली आणि विचारलं, "अंकल, इसको आप ही रख लो ना?"

"अरे नहीं नहीं," मी म्हटलं. "मैं कहाँ रखूँगा।"

हा माझा पहिला 'नको' होता. मी फाटक धरून दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत उभा राहिलो.

मॅडम म्हणाल्या, "ठीक है।" आणि स्कूटी चालू करून गेल्या.

आता चूक कोणाची म्हणायची? साहू मॅडम इथल्याच, छत्तीसगढी. त्यांच्याकडे नाही म्हणजे नाही. माझं तयार वाक्य तोंडातल्या तोंडात राहिलं. रविवारी भिलाईजवळच्या चरोद्याहून देवांगन बाई आणि त्यांचे मिस्टर कुत्रा पाहायला आले. मिस्टर मालगाडीवर गार्ड, चार-चार दिवस लाइनवर. मुलगा बाहेरगावी शिकायला. बाईंना घरात सोबत हवी होती. बाई इतक्या चांगल्या होत्या की नाव ठेवायला जागा नाही. (मी शोधली होती.) जाताना त्या म्हणाल्या, "काकाजी, आपको बुरा तो नहीं लग रहा?" मी म्हटलं, छे, सुटलो. पाहुणा ऑटोत बसून मागच्या बाजूने माझ्याकडे पाहत गेला. त्या संध्याकाळी मी सवयीने दोघांचा भात लावला आणि कुकर न उघडताच झोपलो.

दुसऱ्या दिवशी फोन आला की कुत्रा जेवत नाही. बाईंनी विचारलं, त्याला काय द्यायचं? मी सांगितलं, वरण-भात. त्यांनी केला, तो जेवला नाही. त्यांनी दूध-पोळी दिली, अंडं दिलं, मिस्टरांनी मटण आणलं. पाहुणा ताटलीकडे पाहायचा, बाईंकडे पाहायचा आणि तोंड फिरवून बसायचा. साहू मॅडमनी डॉक्टर नेला. डॉक्टरांना काही सापडलं नाही. फक्त मला माहीत होतं की त्याला काय झालंय. बिचारा रीतीने वागत होता आणि समोरचे पहिल्याच नकाराला ताटली उचलत होते! पण हे एका गार्डच्या बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं?

शेवटी सांगितलं. मग बाई म्हणाल्या की फोन स्पीकरवर ठेवते, तुम्हीच बोला.

झालं. तेव्हापासून दोन्ही वेळा फोन यायला लागला. मी कुठेही असलो तरी. एकदा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो, तोंडाला फेस, गळ्यावर वस्तरा. फोन वाजला. मी मान न हलवता फोन तोंडाशी धरला आणि म्हटलं, "घे ना बाप्पा. मी सांगून राहिलो ना. लाजू नको, पोटभर जेव." दुकानातलं सगळं गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. न्हाव्याने वस्तरा बाजूला घेऊन विचारलं, कोण आहे? मी सांगितलं, चरोद्याचे पाहुणे. त्याने दाढीचे पैसे घेताना खांद्यावर हात ठेवला. तसा त्याने आधी कधी ठेवला नव्हता.

पुढे तेही चालेना. पाहुणा फोनच्या मागे मला शोधायला लागला आणि त्या शोधात बाईंचा फोन वरणात पडला. तेव्हा मी स्कूटर काढली आणि चरोद्याला गेलो. दार उघडताच त्याने मला असं धडकून पाडलं की प्लास्टरची पाळी या वेळी माझ्यावर येणार होती. मी तिथेच व्हरांड्यात त्याच्या शेजारी बसलो, तीन वेळा म्हटलं, आणि तो जेवला. मला डोळे पुसायला रुमाल सापडेना, म्हणून मी धुळीला दोष दिला. रेल्वे यार्डाजवळ धूळ असतेच.

मग मी रोज जायला लागलो. बाई रोज माझ्यासमोरही ताट ठेवायच्या. लाल भाजी, गरम चीला म्हणजे आपलं तांदळाचं धिरडं, टमाट्याची चटणी. मी म्हणायचो, नको, जेवून आलो. (आलेलो नसायचो.) बाई म्हणायच्या, "अच्छा काकाजी," आणि ताट आत न्यायच्या. पाहुणा आणि मी, आम्ही दोघंही त्या ताटाकडे पाहत राहायचो. परतताना यार्डाच्या कडेने येताना माझ्या पोटाचा आवाज स्कूटरच्या वर जायचा.

एके दिवशी मी पोहोचलो तर आतून बाईंचा आवाज येत होता. त्या पाहुण्याला म्हणत होत्या, "घे ना बाप्पा. लाजू नको. पोटभर जेव." उच्चार वेगळे होते, पण शब्द सगळे माझे, चढउतारासकट. मी दारातून पाहिलं. तो जेवत होता. माझ्याकडे त्याने एकदा शेपटी हलवली आणि पुन्हा ताटलीत तोंड घातलं.

बरं वाटायला हवं होतं. कुत्रा जगला, घर चांगलं मिळालं, साहू मॅडमचं काम झालं. पण मला फार वाईट वाटलं. आता इथे यायचं निमित्तच राहिलं नव्हतं. आता पुन्हा तो ओटा, तो चहा आणि तो टोस्ट. आलोच होतो म्हणून जरा टेकलो. बाईंनी रोजच्यासारखं ताट आणून ठेवलं. मी रोजच्यासारखं म्हटलं, नको, जेवून आलो, आता निघतोच. आणि उठून चप्पल पायात घातली.

बाईंनी ताट उचललं नाही. त्यांनी पाहुण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं.

"घे ना," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नको नको, खरंच पोट भरलंय.

"घे ना बाप्पा," बाई म्हणाल्या. "लाजू नको. पोटभर जेव."

आता त्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, आणि मराठी जेवढी येत होती तेवढी सगळी कुत्र्यासाठी शिकलेली. त्यात अहो-जाहो कुठून असणार? पण सुमन गेल्यानंतर मला मराठीत इतकं कोणी म्हटलं नव्हतं. मी चप्पल काढली आणि बसलो. किती चीले खाल्ले ते सांगत नाही. शेवटच्यासाठीही मी दोनदा नको म्हटलं आणि बाईंनी दोन्ही वेळा ऐकलं नाही.

अजूनही रविवारी मी तिकडेच जेवतो. पाहुणा आता पक्का चरोद्याचा झालाय. ताटली टेकायच्या आत खातो, आग्रहाची गरज नाही. परवा मी तिथे असताना साहू मॅडम त्याची चौकशी करायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, अजून नखरे करतो का? देवांगन बाईंनी सांगितलं, "पाहुना तो सुधर गया मैडम। अब बस काकाजी बचे हैं।"

म्हणून मीही सुधारायचं ठरवलं. मॅडम निघताना म्हणाल्या, "अंकल, एक बिल्ली है..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. पहिल्याच शब्दाला हो म्हटलं, तेही दोनदा. वाक्य पुरं ऐकलं असतं तर कळलं असतं की बाथरूममधली ती मांजर एकटी नाही, सोबत चार पिल्लं आहेत.

सध्या आम्ही सगळे एकत्र जेवतो. त्यांच्यातल्या कोणालाही आग्रह लागत नाही. स्वतःचं संपवून माझ्या ताटात येतात. "थोडं मले बी ठेवा ना बाप्पा," असं मलाच म्हणावं लागतं, आणि ऐकतात तिसऱ्यांदा म्हटल्यावर.